नवा पट्टा गाडीला, जुना पेटीत

प्रश्न गारगोटीकडच्या एका पोराचा आहे. थोडक्यात असा: "काका, जुनी सहा चाकी गाडी घेतली आहे, फळ्यांच्या बॉडीची. हंगामात ऊस, एरवी चिरा, खडी, वीट. डांबर संपल्यावर पुढं दोन-चार किलोमीटर पाणंदीनं नाहीतर डोंगरातल्या वाटेनं जावं लागतं. गाडीत कुठले पार्ट आणि काय सामान ठेवू? यादी द्या. मागच्या डाव्या चाकाचे दहापैकी दोन नट नाहीत, पण गाडी मस्त पळते."

नटांचं शेवटी बोलू.

मी तेवीस वर्षं गाडी चालवली आणि आता बारा वर्षं उचगावच्या बाजूला गॅरेज चालवतो. नवीन मालक येतो तेव्हा त्याच्या दोन तऱ्हा असतात. एकाच्या गाडीत स्टेपनी आणि देवाचा फोटो सोडून काही नसतं. दुसरा अर्धं दुकान भरून आणतो आणि पंधरा पेट्यांत त्याला साधा पाना सापडत नाही. कोल्हापुरात गाडी बंद पडली तर काळजी नाही. शिवाजी उद्यमनगरात सकाळी मोडलेला बोल्ट दाखवला तर दुपारपर्यंत लेथवर तसाच दुसरा करून मिळतो. अडचण होते ती दाजीपूरच्या अलीकडं रात्री नऊला, मोबाइलला रेंज नसताना.

म्हणून प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे. ही गेली तर गाडी जागेवर बसेल का? आणि गेली तर मी आणि क्लीनर दोघं मिळून, चिखलात, बॅटरीच्या उजेडात ती बसवू शकू का? दोन्हीला 'हो' आलं तरच ती पेटीत जाते. क्लच प्लेट गेली तर गाडी बसते, पण रानात गिअरबॉक्स उतरवणार कोण? ती गाडीत वागवू नकोस, दुकानात राहू दे, फक्त तिचा नंबर वहीत लिहून ठेव. स्टार्टर गेला तर गाडी उतारावर ढकलून चालू होते. तेव्हा नवा स्टार्टर घेण्यापेक्षा संध्याकाळी गाडी उताराच्या तोंडावर लावायची सवय स्वस्त पडते. चाकाला ठोकळे मात्र लावायचे. हेडलाइटची काच फुटली तर गाडी थांबत नाही, पण बल्ब जळला तर रात्री घाटात थांबावंच लागतं. म्हणून काच नको, बल्ब दोन.

आता शीर्षकातली गोष्ट. फॅनचा पट्टा तुटला की पाण्याचा पंप थांबतो, इंजिन तापतं, आणि तशीच दामटली तर हेड गॅसकेट जातं. एका साध्या पट्ट्यासाठी इंजिन उघडावं लागतं. म्हणून सगळे स्पेअर पट्टा ठेवतात. मीही ठेवला होता, नवाकोरा, पॅकिंगमधला. तो उघडायची वेळ गगनबावड्याच्या वर आली. बसवायला घेतला तर दोन बोटं आखूड. दुकानदारानं खोक्यावरचा नंबर बघून दिला होता, आत पट्टा दुसराच. सात महिने मी चुकीचा पट्टा सांभाळत होतो. तेव्हापासून माझा नियम असा, की नवा आणला की त्याच दिवशी गाडीला चढवायचा आणि उतरवलेला, अजून धड असलेला जुना पेटीत टाकायचा. तो या गाडीला बसतो हे तुला ठाऊक असतं, तो चढवायला कुठले पाने लागतात हे हाताला ठाऊक असतं, आणि ते पाने गाडीत आहेत का हेही त्याच दिवशी कळतं. रेडिएटरचे होस पाइप, ब्रेकचे होस, डिझेल फिल्टरची वाटी या सगळ्याला हाच नियम. फक्त भेग पडलेला किंवा फुगलेला जुना पाइप ठेवू नकोस. ते स्पेअर नव्हे, भंगार.

टायरकडं येऊ. १०.०० × २० चा टायर डिस्कसकट, म्हणजे आतल्या लोखंडी चाकासकट, शंभर किलोच्या आसपास भरतो. तो चढवण्या-उतरवण्यात लोक कंबर मोडून घेतात, म्हणून दोन मजबूत टॉमी, म्हणजे लोखंडी दांडे, आणि चाक सरकवायला एक लाकडी फळी हवीच. जॅक वीस टनी बॉटलचा. पण जॅकपेक्षा महत्त्वाची त्याच्याखालची बैठक. दीड फूट बाय दीड फूट, दोन इंच जाड, बाभळीच्या लाकडाची. काळ्या रानात जॅक नुसता मातीवर ठेवला तर गाडी वर जात नाही, जॅक खाली जातो. मी एकदा अख्खा जॅक शिरोळच्या रानात पुरून आलोय, दुसऱ्या दिवशी फावड्यानं काढला. चाकाच्या पान्याला घालायला चार फुटी पोकळ पाइप घे. आणि काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, ते आधी बघून घे. नाहीतर सोडतोय सोडतोय म्हणत तू नट आवळत बसशील.

ट्यूब दोन ठेव, ट्यूब आणि डिस्कच्या मध्ये बसणारा रबरी फ्लॅप एक, पंक्चरचं सामान आणि व्हॉल्व्हच्या पिना. हवेसाठी वेगळा पंप नको. गाडीच्या स्वतःच्या, ब्रेकच्या एअर टाकीवरून हवा भरता येईल असा लांब होस आणि त्याचं तोंड कोल्हापुरात जमवून घे. मागच्या चाकापर्यंत पोचतो का ते मोजून घे, कारण बहुतेकांचा होस पुढच्या चाकाशीच संपतो. लॉक रिंगच्या, म्हणजे टायर लोखंडी कड्यानं अडकवलेल्या चाकात हवा भरताना मात्र चेष्टा नाही. रिंग नीट बसली नसेल तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. रिंगेची बाजू जमिनीकडं करायची किंवा डिस्कमधून साखळी ओवायची, आणि समोर कुणी उभं राहायचं नाही. खडीच्या रस्त्यावरून बाहेर आलास की मागच्या जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का बघ. तो तसाच पळवला तर दोन्ही टायर आतून खातो.

आता पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. आपल्या भागात गाडी सगळ्यात जास्त इथंच अडकते, आणि सगळ्यात कमी तयारी याचीच असते. पाट्यांच्या जुडग्यातून मधोमध जो सेंटर बोल्ट जातो, तो तुटला तर पाटे सरकतात आणि एका बाजूचा अॅक्सल मागं जातो. गाडी खेकड्यासारखी तिरकी पळायला लागते. मला ते फोंडा घाटाच्या अलीकडं, चिऱ्याच्या खाणीतून येणाऱ्या कच्च्या वाटेवर झालं. पाटे अॅक्सलला धरून ठेवणारे यू बोल्ट सैल पडले होते आणि मी आठवडाभर ते आवळले नव्हते, म्हणजे चूक माझीच. गाडीत दोन फॅन बेल्ट होते, तीन फिल्टर होते, हॉर्नसुद्धा स्पेअर होता. सेंटर बोल्ट नव्हता. त्यासाठी सहा किलोमीटर चालत गेलो, तिथून दुधाच्या गाडीनं राधानगरी, आणि तिथंही मापाचा मिळाला नाही.

तेव्हा तुझ्या पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या मापाचे दोन-दोन सेंटर बोल्ट, नट लावून, ग्रीस फासून ठेव. मागच्या मापाचा एक यू बोल्ट नटांसकट. पाट्याचं टोक गाडीला जोडणारी एक शॅकल पिन आणि बुश. पाटे दाबून धरायला मोठा सी-क्लॅम्प, किंवा सेंटर बोल्टपेक्षा हातभर लांब आट्याचा रॉड. तो ओवून पाटे एकत्र ओढायचे, मग खरा बोल्ट घालायचा. हे काम चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ठोकळ्यांवर टेकवूनच करायचं, नुसत्या जॅकवर नाही. मेन पाटा मोडला तर जागेवर दुरुस्ती नाही. लाकडाचा ठोकळा अॅक्सल आणि चासीच्या मध्ये बसवून, साखळीनं बांधून, माल उतरवून, चालत्या माणसाच्या वेगानं डांबरापर्यंत यायचं.

हवेचं ब्रेक समजून घे, कारण इथं चूक झाली तर जीव जातो. उसाच्या खोडव्याचा बुडखा धारदार असतो. तो खालून जाणारा हवेचा पाइप कापतो. गाडीला मागं स्प्रिंग ब्रेक असेल तर हवा गेली की स्प्रिंग चाकं जखडून टाकते. गाडी तिथंच, फडात. यासाठी नायलॉन पाइपचा तीन-चार मीटरचा तुकडा, तुझ्या गाडीच्या मापाचे चार जोड, एक ब्रेक होस आणि ब्रेक चेंबरचा, म्हणजे चाकापाशी हवेनं ब्रेक दाबणाऱ्या डब्याचा, एक डायफ्रॅम (रबरी पडदा) ठेव. पाइप ब्लेडनं सरळ कापायचा, पकडीनं चेंगरून नाही. बहुतेक चेंबरच्या अंगालाच एका खाचेत स्प्रिंग मागं ओढायचा लांब बोल्ट दिलेला असतो. तो बोल्ट तिथं आहे का, गंजलाय का, आजच बघ. त्यानं स्प्रिंग मागं घेतली की चाक मोकळं होतं, पण मग त्या चाकाला हँडब्रेकही राहत नाही. म्हणून आधी चारही बाजूंना ठोकळे, मग बोल्ट, आणि गाडी फक्त सपाटीवर येईल इतकीच हलवायची. ब्रेक दुरुस्त केल्याशिवाय घाट उतरायचा नाही. चेंबरची कडी, म्हणजे दोन वाट्या धरणारा पट्टा, स्प्रिंगच्या बाजूची कधीच उघडू नकोस. आतली स्प्रिंग माणूस मारते.

डिझेलचं. जुनी गाडी म्हणजे साधा पंप, त्यामुळं तुझं नशीब चांगलं. फिल्टर दोन्ही, एक मीटरभर डिझेलचा रबरी पाइप, क्लिपा, आणि डिझेलच्या नळ्यांच्या जोडांत बसणारे तांब्याचे वायसर मूठभर. हे वायसर कुणी ठेवत नाही आणि ते नसल्यानं किती गाड्या उभ्या राहिल्यात म्हणून सांगू! एअर धरली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की फिल्टरवरचा स्क्रू सैल कर, हात पंप मार, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की आवळ. जुना वायसर घट्ट बसत नसेल तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाक, तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. पावसाळ्यात टाकीच्या तळाचं पाणी आठवड्यातून एकदा सोडायचं. टाकीला बारीक चीर पडून पाझर सुटला तर कपड्याचा साबण घासून बुजवायचा, गावापर्यंत टिकतो. पण हे सगळं जुन्या गाडीचं. उद्या बीएस सहाची, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी घेतलीस तर चालू इंजिनवर डिझेलच्या नळीला पाना लावायचा नाही. तिच्या डिझेलच्या नळीतला, म्हणजे कॉमन रेलचा दाब इतका असतो की धार कातडीत घुसते. त्या गाडीला धूर साफ करणारं युरियाचं पाणीही पुरेसं हवं आणि ते फक्त बंद कॅनमधलं. कळकट डब्यातून ओतलंस तर पुढचा खर्च ऐकून चक्कर येईल.

विजेचं फार सांगत नाही. गाडी बहुधा चोवीस व्होल्टची असेल, म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या. बल्ब चोवीसचे, मोबाइलचा चार्जरही चोवीस चालणारा घे, नाहीतर पहिल्याच दिवशी धूर निघेल. फ्यूज जळाला तर त्याच मापाचा घालायचा, सिगारेटची चांदी गुंडाळायची नाही.

आता रान. तुझ्या भागात दोन वेगळे शत्रू आहेत. पश्चिमेला लाल माती आणि जांभा. तिथला पाऊस सांगायला नको. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्याला आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. ओली लाल माती साबणासारखी घसरते, पण खाली कठीण असते. तिथं चाकाला पकड हवी. साखळी किंवा जाड सोल, म्हणजे दोर, टायरला गुंडाळला तरी काम होतं. पूर्वेला काळी माती. ती नुसती घसरत नाही, गिळते. तिथं चाकाला आधार हवा. दोन फळ्या, पाच फुटी, दोन इंच जाडीच्या, बॉडीच्या बाजूला बांधून ठेव. वीसेक रिकामी पोती, दोन फावडी, एक पहार, एक घमेलं, एक कोयता. फडात पाचट फुकट मिळतं, ते चाकाखाली घालायला उत्तम. पण हेच पाचट सायलेन्सरला लागलं तर गाडी पेटते, आणि मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला गुंडाळलं तर त्याच्या सांध्याचं, म्हणजे क्रॉसचं, सील खातं. फडातून बाहेर आलं की क्लीनरला खाली पाठवून पाचट ओढून काढायचंच. आग विझवायचा पावडरचा सिलिंडर सीटच्या मागं नको, ड्रायव्हरच्या दारापाशी हवा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, महिन्यातून एकदा बघायचं.

आणि सगळ्या सामानापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे रानाला वाफसा आल्याशिवाय, म्हणजे पाणी निथळून माती सुकल्याशिवाय, गाडी आत घालू नकोस. शेतकरी म्हणेल "जातंय की ओ, काल ट्रॅक्टर गेलाय." ट्रॅक्टरचं चाक बघ आणि तुझं बघ. आधी स्वतः चालत जा. टाच रुतून बुटाच्या वर पाणी आलं तर गाडी पाणंदीवरच उभी करायची आणि मोळ्या बाहेर आणायला सांगायच्या. टोळीचा मुकादम कुरकुर करेल, करू दे.

रुतलीच तर ट्रॅक्टरनं ओढायला वायर रोप आणि दोन डी-शॅकल, म्हणजे डी आकाराच्या लोखंडी कड्या, दोन्ही गाडीच्या वजनाला पुरतील असे. बंपरला बांधू नकोस, चासीच्या हुकाला बांध. रोपवर मधोमध ओलं पोतं टाक, तुटला तर फटका कमी बसतो. बघ्यांना रोपच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं कर. आपल्याकडं गाडी रुतली की अर्धं गाव गोळा होतं आणि पोरं नेमकी रोपशेजारी उभी राहतात. चिखलात टायरची हवा थोडी कमी करतात, ते रिकाम्या गाडीला ठीक. भरलेल्या गाडीला नको, टायर बाजूनं फाटतो. आणि डांबराला लागण्याआधी परत भरायची.

सामान लावायचं कसं हे लोक विचारतच नाहीत. एक लोखंडी पेटी, जुन्या बाजारात मिळते ती, सीटच्या मागं. तळाशी बोल्ट आणि जड लोखंड, मध्ये फिल्टर-होस, वर पाने. रात्री पावसात आधी हात कशाला लागणार? हातातली बॅटरी, पकड, इन्सुलेशन टेप, बाइंडिंग तार, जुन्या ट्यूबचे कापलेले लांब पट्टे. हे पेटीत नाही, दाराच्या खिशात. ट्यूबच्या पट्ट्यानं मी फुटलेला रेडिएटर होस आवळून राधानगरीहून कोल्हापूर गाठलंय. कॅप थोडी सैल ठेवायची म्हणजे दाब चढत नाही, आणि पाणी घालत यायचं. गरम रेडिएटरची कॅप उघडायची नाही हे सांगायला लागू नये, पण गॅरेजला दरवर्षी एक तरी तोंड भाजलेला येतो. स्पेअर ट्यूबला पावडर लावून कापडात गुंडाळ. नुसती टाकली तर जॅकशी घासून पेटीतच पंक्चर होते. बेअरिंग ग्रीसच्या कागदात. जॅक आणि घण पट्ट्यानं बांधलेच पाहिजेत, गाडी उलटली तर तेच डोक्यात येतात. इंजिन ऑइल पाच लिटर, गिअर ऑइल दोन, क्लचचं ऑइल अर्धा लिटर, रेडिएटरचं पाणी वीस लिटर. पिण्याचं पाणी वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये.

माणसांचं सामानही पार्टच समज. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा मी किणी टोलनाक्याच्या बाजूला अडकलो. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३ फूट, हे आम्हाला शाळेपासून पाठ. तरी निघालो होतो, शहाणपणा दुसरं काय! गावकऱ्यांनी भाकरी आणून दिल्या, त्यांचे उपकार आहेत. पण माझ्या बीपीच्या गोळ्या घरी होत्या. आता गाडीत पाच दिवसांच्या गोळ्या, छोटा स्टोव्ह, तांदूळ, पिठल्याचं पीठ, चटणी, गूळ, शेंगदाणे, कोरडे कपडे आणि ताडपत्री कायम असते. २०२१ च्या जुलैत हायवे परत बंद झाला तेव्हा याचा उपयोग झाला. उसाच्या फडात साप असतात. चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलवू न देता १०८ ला फोन, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर सरळ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. दाजीपूरच्या बाजूला रात्री रस्त्यात गवा उभा दिसला तर हॉर्न मारून अंगावर घालू नकोस. दिवे खाली कर, थांब, तो जातो.

आता तुझे दोन नट. नट नाहीत का ते ज्यांवर बसतात ते स्टडच तुटलेत, ते तू लिहिलं नाहीस. दोन कमी झाले की त्यांचा भार शेजारच्या दोघांवर जातो, मग ते तुटतात, मग त्यांच्या शेजारचे. मागं दहा टन ऊस आणि खाली पाणंदीचे खड्डे, म्हणजे हे फार दिवस चालत नाही. डिस्कच्या भोकांभोवती गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसत असेल तर चाक आधीच हलायला लागलंय. सगळे नट काढ, भोकं लांबट झालीत का बघ, झाली असतील तर डिस्क बदल. तुटलेले स्टड बदल, शेजारचे दोन्हीही बदल. मग समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळ, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा आवळ. त्यानंतर चार स्टड आणि चार नट पेटीत ठेव, डाव्या-उजव्याचे आटे वेगळे असतील तर दोन्हीचे. हे होईपर्यंत गाडीत एक वीटसुद्धा भरू नकोस. गारगोटीहून रिकामी, सावकाश घेऊन ये, वाटेत दोनदा उतरून उरलेले आठ मोज.